गावभर लागलेले फोटो

८ सप्टेंबर

मासळीच्या दुकानात फोटो! मिंकाच्या तराजूच्या वर, भिंतीच्या पांढऱ्या फरशीवर, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. काळापांढरा, साध्या कागदावर. ट्रॉलीबसचा ड्रायव्हर असावा, सदऱ्यावर बिल्ला आहे. गालाला हात लावून बसलाय. चेहरा असा, की आत्ताच कोणीतरी त्याला काहीतरी सांगितलंय आणि हसावं की रडावं हे त्याचं ठरत नाहीये.

माझी पाळी आली तरी मी वरच बघत होते.

"बिस्त्राताई, मासा हवाय की माणूस?" मिंका ओरडली.

"हा कोणी काढला?"

"मला काय ठाऊक! सकाळी दुकान उघडलं तेव्हा होता." आणि मागच्या बायकांकडे बघून डोळा मारला. मला दिसलं.

मला ठाऊक असायला हवं होतं. आमच्या रूसे शहरात फोटो काढणारे आहेत किती, आणि त्यातले बहुतेक लग्नांचे. वर्तमानपत्रात माझी हयात गेली. माझा फोटो एक दिवस जगतो, दुसऱ्या दिवशी मिंका त्यात मासा बांधते. आजही बांधला. महापौर फीत कापतायत — फोटो माझाच — आणि त्यांच्या कपाळावर कार्प माशाचं शेपूट. वर तो बिननावाचा फोटो फरशीवर, कोरडा, ऐटीत!

मासा चांगला नव्हता. किंवा मलाच चव नव्हती.

९ सप्टेंबर

आणखी एक. बूट दुरुस्तीच्या टपरीत, टाचांच्या खोक्यांमध्ये. शाळेतली गणिताची बाई. हिला मी ओळखते. ही इतकी सुंदर कधी झाली?

११ सप्टेंबर

झोर्नित्साकडे गेले होते. शहराच्या कलादालनाची ती प्रमुख. नोव्हेंबरमध्ये मोठा हॉल मला द्यायचं तिनं वसंतातच कबूल केलंय. माझं पहिलं एकटीचं प्रदर्शन. किती वर्षं वाट बघितली ते लिहीत नाही, लिहिलं की जास्त वाटतं.

मी निवडलेले फोटो टेबलावर मांडले. धुक्यातली डॅन्यूब. मालवाहू बोटी. बर्फातला धक्का. तिनं बघितले. छान म्हणाली. दुसऱ्यांदा छान म्हणाली, ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "बिस्त्रा, ते गावातले फोटो पाहिलेत का? पोस्टात एक लागलाय. मी तिकिटं घ्यायला गेले आणि तिकिटं न घेताच परत आले."

"कोणीतरी हौशी असेल."

"असेलही. पण तो माणूस सापडला तर मला आधी सांगा हं."

"आणि नोव्हेंबर?"

"बघू ना. घाई काय आहे?"

घाई काय आहे! परत येताना पोस्टावरून गेले. जायचं नव्हतं, पाय गेले. फोटोत एक म्हातारी. तिच्या डोळ्यांत जे आहे ते मी नदीवर शोधत फिरले. ते पोस्टाच्या भिंतीवर लावून कोणीतरी निघून गेलंय. नाव सुद्धा न टाकता. ही नम्रता नाही, हा माज आहे.

१४ सप्टेंबर

आज जिन्यात तमाशा. सकाळी आमच्या इमारतीच्या दारावर स्तामातकाकांचा फोटो. तळमजल्यावरचे स्तामातकाका. दारावर काळापांढरा फोटो दिसला की आपल्याकडे त्याचा एकच अर्थ: माणूस गेला, आणि त्याची बातमी म्हणून तो कागद गावभर लागतो. खाली नाव नाही, तारीख नाही, क्रॉस नाही, हे बघतंय कोण? सगळ्यांनी छातीवर क्रॉस काढला आणि कामाला लागले. तिसऱ्या मजल्यावरची कुना तर गेलेल्याच्या नावानं वाटतात ते साखर घातलेले उकडलेले गहू आणि दोन पांढरी शेवंतीची फुलं घेऊन दारात हजर. दार उघडलं स्तामातकाकांनी. अर्धी चड्डी, हाताला मिरच्या भाजल्याची काजळी.

"कोण गेलं?"

कुनानं वाटी तशीच पुढे धरली. "तुम्ही!"

"मी? मग मला कसं कोणी कळवलं नाही?"

आम्ही सगळे जिन्यात. कुना रडतेय, हसतेय, शिव्या देतेय. काकांनी फुलांकडे बघितलं. "जोडीची आणलीस ना! अगं, जिवंत माणसाला विषम देतात. एक काढून घे, मग मी घेतो." तिनं खरंच एक काढून घेतलं. मग उंबऱ्यात उभं राहून त्यांनी गहू खाल्ले. "साखर कमी आहे. खऱ्या वेळेला जरा हात सैल सोड."

दिवसभर ते दारापाशी खुर्ची टाकून बसले, आपल्याच फोटोशेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला घरच्या राकिया दारूचा पेला. एवढी माणसं आपल्यासाठी थांबतील असं त्यांना वाटलं नव्हतं, हे ते तीनतीनदा सांगत होते. डोळे पुसत होते. मिरच्यांचा धूर म्हणे.

मी विचारलं, "काका, काढला कोणी?"

"वचन दिलंय. बोलणार नाही."

"मीही काढला होता तुमचा. पंच्याहत्तरीला."

"होता ना! छान होता हो," काका मनापासून म्हणाले. "ओळखपत्राला चालला."

मी वर आले आणि दार लावून घेतलं.

१५ सप्टेंबर

संपादकांनी बोलावलं. ओग्न्यान माझ्यापेक्षा लहान आहे, पण खुर्ची माणसाला वडील करते. "बिस्त्रा, स्तामात प्रकरण गावभर झालंय. हा फोटोवाला कोण, शोधा. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारच्या पुरवणीला अर्धं पान. फोटो त्याचेच छापू, तुमचे नकोत या वेळी."

आयुष्यात मी मजकूर कधी उशिरा दिला नाही. हाही वेळेवर देईन. दातओठ खात देईन.

१७ सप्टेंबर

व्याराचा नामदिवस, तिच्या नावाच्या संताचा सण. नामदिवसाला बोलावणं नसतं, आपण होऊन जायचं असतं. सात गुलाब नेले.

व्यारा त्साकोवा. शाळेत एका बाकावर होतो, आता माझे दात तिच्या ताब्यात आहेत. अर्धं गाव तिच्या खुर्चीत तोंड उघडून बसलंय, म्हणून अर्धं गाव तिच्या घरी होतं. चीज घातलेली बानित्सा, भरलेल्या मिरच्या, टेबलावर जागा नाही. ती स्वतः पाण्याचा पेला घेऊन फिरत होती. बारीक झालीये. "नवीन पथ्य," म्हणाली. हिला या वयात कंबर दिसायला लागली! मी तिसरा तुकडा घेतला.

बोलणं अर्थात फोटोंवर. कोणी म्हणे सोफियाहून कोणीतरी येतो, कोणी म्हणे परदेशी आहे. व्यारानं सगळ्यांसमोर विचारलं, "बिस्त्रे, आमच्यात तूच जाणकार. तुझं काय मत?"

मी म्हटलं, "हौशी आहे. प्रकाशाची समज बेताची, सगळीकडे एकाच बाजूनं. नशीब जोरावर आहे त्याचं, बाकी काही नाही."

सगळ्यांनी एकदम आपापल्या ताटात बघितलं. मग व्यारा हसली. खोकला येईपर्यंत हसली. "नशीब तर जोरावर आहेच त्याचं!"

मला बरं वाटलं. कोणीतरी माझ्याशी सहमत झालं.

१९ सप्टेंबर

आतापर्यंत सापडलेल्या सगळ्या फोटोंचे मी फोटो काढून आणले. (काय वेळ आली! मी त्याच्या फोटोंचे फोटो काढतेय.) टेबलावर मांडले.

प्रकाश एकाच खिडकीतून. उंच खिडकी, डाव्या हाताला. सगळे बसलेले. पुष्कळांचा हात गालावर. आणि कोणाचंच हसू पूर्ण नाही. ओठाचा एक कोपरा वर जातो, दुसरा जागचा हलत नाही. म्हणून ते असे दिसतात: चेहऱ्यावर काहीतरी चढवायला गेले आणि चढलंच नाही.

माझ्या सगळ्या माणसांना हसता येतं. तिथंच मी मार खाते. जन्मभर सांगत आले — कॅमेऱ्याकडे बघू नका, नेहमीसारखे रहा. ऐकतो का कोणी? कॅमेरा वर गेला की समोरचा माणूस आपला पुतळा होऊन बसतो. हा कोण आहे ज्याच्यासमोर ते होत नाहीत? काय सांगतो त्यांना? काय पाजतो?

२१ सप्टेंबर

लॉटरीच्या टपरीत एक. सार्वजनिक संडासात, पैसे घेणाऱ्या बाईच्या खिडकीवर एक — त्या बाईचाच. राणीसारखी. मी पैसे दिले आणि आत न जाता बाहेर आले.

२३ सप्टेंबर

जेवताना दाढेतलं सिमेंट निघालं. दातओठ खाल्ल्याचं फळ. व्याराकडे धावले. तिनं रुग्णांची रांग डावलून आत घेतलं. सुई टोचली. "थांब आता. बधिर होऊ दे." खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि हात धुवायला गेली.

उंच खिडकी. डाव्या हाताला.

समोर हत्यारांचं काचेचं कपाट. काचेत एक बाई. एका बाजूनं उजेड, दुसरा गाल उतरलेला. त्या बाईचा हात आपोआप वर गेला, हा गाल आपलाच आहे का बघायला.

मी ओरडले, "तू!" तोंडातून निघालं "फू". लाळ गळली.

व्यारा मागेच उभी होती. आरशांच्या खणातून तिनं छोटा कॅमेरा काढला, असा की अंगठ्यानं दाबायचा, लोक सहलीला नेतात तसला. माझ्याकडे ऑफिसात एवढ्या लेन्स पडल्यात!

"बोलू नकोस, नुसतं बघ. चिडलीस? चीड की. आता तुला खोटं हसता यायचं नाही, तेवढ्यापुरतं सगळे माझे असतात."

"फोऽ फू फालायक —"

"हो हो. नालायक. बघ इकडे."

खटक.

मग दाढ भरली. नीट भरली. तेही तिला येतं!

२४ सप्टेंबर

तोंड ताळ्यावर आल्यावर पुन्हा गेले. दवाखाना रिकामा होता. बडबड मीच केली. तिला म्हटलं, ही फसवणूक आहे. आम्ही एकेका चेहऱ्यासाठी जन्म घालवायचा आणि तू सुई मारून मोकळी!

"मग तूही मार. कोणी अडवलंय?"

"आणि भिंतींवर का? दारावर का? स्तामातकाकांच्या दारात कुना मरता मरता वाचली!"

ती हातमोजे काढत होती. "स्तामात त्या दिवशी कसा बसला होता बघितलंस ना? आपल्याकडे माणूस दारावर येतो आणि तेव्हा नेमका तोच घरी नसतो. मला वाटलं, एकदा घरी असताना लावून बघावा." मग म्हणाली, "दुसरं कारण म्हणजे मला दालनात कोण विचारणार?"

झोर्नित्सा रोज विचारतेय हे मी तिला सांगितलं नाही.

"आणि हे बघ, नाव छापायचं नाही," ती म्हणाली. "दात काढणारी बाई म्हणून गाव ओळखतं तेवढं पुरे."

किती पटकन हो म्हटलं मी! मैत्रिणीचा शब्द राखायचा म्हणून नाही. नाव नाही तर हॉल नाही. हॉल माझा. हे फक्त इथं लिहितेय.

२७ सप्टेंबर

पुरवणी आली. अर्धं पान. स्वच्छ, समतोल मजकूर, ओग्न्यान म्हणाला, "तुमच्या मजकुरात राग कधी दिसत नाही, हेच मला आवडतं." शेवटचं वाक्य: छायाचित्रकाराची ओळख अजून पटलेली नाही.

मासळीला गेले तर मिंका पोट धरून हसतेय. "ताई, तुम्हाला खरंच सापडली नाही? अहो, तिनं माझी अक्कलदाढ काढली तेव्हा माझाही काढलाय! भाजीबाजारात लागलाय, कोबीपाशी." म्हणजे ज्यांचे ज्यांचे फोटो, त्या सगळ्यांना ठाऊक. गावाला ठाऊक. शोध लावायचा राहिलेली मी एकटीच, आणि वर अर्धं पान लिहून तसं जाहीर केलं!

एवढ्यावर संपलं नाही. कलादालनाच्या दारावर मी. गाल उतरलेला, डोळे मोठे. खुर्चीतल्या माझ्याकडे बघून कोणालाही कळेल की ही बाई जळतेय. पार तळापासून जळतेय. माझा इतका खरा फोटो कोणीच काढला नव्हता. मी तो फाडायला हात घातला आणि फाडता येईना. अलगद सोडवून घरी आणला. खणात ठेवलाय, पालथा.

३० सप्टेंबर

व्यारा घरी आली. जिना चढून धाप लागली होती. बसली, इकडेतिकडे बघितलं, म्हणाली, "बिस्त्रे, माझा एक फोटो काढ."

"मी? तू काढ की तुझा."

"स्वतःला सुई टोचून?" मग खोडकरपणा गेला. "मला साफ फोटो हवाय. तुझ्यासारखा साफ कोणी काढत नाही. बघणाऱ्यानं लांबून ओळखलं पाहिजे. मागे पडदाबिडदा काही नको. काळापांढरा. आणि सरळ समोर बघणारा."

मला लगेच कळलं! झोर्नित्सानं गाठलंय हिला. प्रदर्शन ठरलंय. ही जाहिरातीला फोटो मागायला आली, आणि तोही माझ्याकडे. म्हणजे हिच्या प्रदर्शनाला गावभर जे लागणार ते माझ्या हातचं, खाली नाव हिचं.

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं नाही. मनात आलं, काढते. तुझ्या सगळ्यांपेक्षा चांगला काढते, आणि सुईशिवाय काढते!

तिला खिडकीपाशी बसवलं. आधी तीही पुतळा झाली. डॉक्टरीणबाई, हनुवटी वर. मी काहीच बोलले नाही. नुसती थांबले. तिनं विनोद केले, मी हसले नाही. तिनं केस सारखे केले, मी थांबले. शेवटी ती कंटाळली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. एक्स-रे हातात घेऊन, आधीच वाचून झालेला असताना, समोरच्याला आता काय सांगावं असा विचार करत बघते ना, तसं. मी बटण दाबलं.

मला तेव्हाच कळलं की आला. जन्मात पहिल्यांदा आला.

आणि तोही हिचा!

३ ऑक्टोबर

प्रिंट घेऊन गेले. तिनं बाकीचे बघितलेही नाहीत. "हाच." बराच वेळ हातात धरून होती. मग विचारते काय, "झेरॉक्सला टिकेल ना? कोपऱ्यावरच्या त्या पोराकडे सगळं काळं येतं."

"प्रदर्शनाची जाहिरात झेरॉक्सवर काढणार तू?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली. "मला साधंच आवडतं, तुला माहीत आहे."

"टिकेल," मी म्हटलं. "मी काढलाय."

"म्हणून तर तुझ्याकडे आले." जाताना मला मिठी मारली. हाडं लागली. पथ्य मानवलेलं दिसत नाही. मी मात्र घरी येईपर्यंत त्या झोर्नित्साला मनातल्या मनात बोलत होते.

९ ऑक्टोबर

झोर्नित्साचा फोन. "नोव्हेंबर तुमचाच, बिस्त्रा. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. मी त्यांच्या हातापाया पडले, ऐकेनात. म्हणाल्या, मला भिंती पुष्कळ आहेत, हॉल बिस्त्राला द्या."

म्हणजे मिळाला. किती वर्षांनी मिळाला, आणि तिनं नको म्हटलं म्हणून मिळाला! ताटात उरलेलं. रडू आलं, पण आनंदाचं नाही. मग तो फोटो कशासाठी हवा होता तिला? विचारायला फोन केला. उचलला नाही.

१२ ऑक्टोबर

दवाखान्याला कुलूप. दारावर चिठ्ठी: डॉक्टर रजेवर. ऑक्टोबरात समुद्रावर गेली असेल. मजा आहे बाईची.

१८ ऑक्टोबर

सकाळी आमच्या दारावर व्यारा. मी नेहमीसारखी हसणार होते, मग खाली वाचलं. या वेळी खाली नाव होतं, तारीख होती, क्रॉस होता. झेरॉक्स छान आलीये. डोळे टिकलेत.

शेजारच्या दारावर. ट्रॉलीबसच्या थांब्यावर. पोस्टात, बुटांच्या टपरीत, लॉटरीपाशी, कोबीपाशी. गावभर माझा फोटो. एवढ्या भिंतींवर माझं कधीच काही लागलं नव्हतं.

सहा गुलाब घेतले. मिंकाच्या दुकानात रांग भिंतीवरच्या फोटोकडे बघत उभी होती, मासा कोणीच मागत नव्हतं. मिंकानं पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला. "काय फोटो आहे हो ताई! असा दुसऱ्या कोणाला जमणार नाही. तिनं स्वतःच काढून ठेवला असणार."

"हो," मी म्हटलं. "तिनंच."